प्रोस्टेटचा जुनाट दाह कर्करोगाकडे नेतो का?

प्रश्न : माझे वय ६३ वर्षे आहे. रक्तातील पीएसए (प्रोस्टेट ग्रंथीत तयार होणारे एक प्रथिन) वाढल्याने म्हापशाला प्रोस्टेटची बायोप्सी केली. कर्करोग सापडला नाही, मात्र ग्रंथीत जुनाट दाह असल्याचे अहवालात लिहिले आहे. माझ्या थोरल्या भावाला प्रोस्टेटचा कर्करोग झाला होता. जठराच्या कर्करोगाप्रमाणे हाही जंतूंमुळे होतो आणि अँटिबायोटिकचा लांब कोर्स घेतल्यास टळतो, असे एका स्नेह्यांनी सांगितले. मी तो घ्यावा का?
– एक वाचक, डिचोली

उत्तर : आपल्या स्नेह्यांच्या म्हणण्यातील जठराविषयीचा भाग खरा आहे. हेलिकोबॅक्टर पायलोरी या जंतूमुळे जठराला वर्षानुवर्षे दाह होतो आणि त्यातून काहींना पुढे कर्करोग होतो, हे आता निर्विवाद आहे. या जंतूचा शोध लावणाऱ्या मार्शल आणि वॉरन यांना २००५ मध्ये नोबेल पारितोषिकही मिळाले. प्रोस्टेटच्या बाबतीत मात्र असा एकही जंतू अद्याप दोषी ठरलेला नाही.

संशयाला आधार नक्कीच आहे. दाह चालू असताना पांढऱ्या पेशी जी तीव्र रसायने सोडतात, त्यांनी शेजारच्या निरोगी पेशींच्या डीएनएलाही इजा होते, आणि झालेली झीज भरून काढण्यासाठी पेशी भराभर विभागू लागल्या की चुका साचण्याची शक्यता वाढते. अमेरिकेतील जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठाच्या शास्त्रज्ञांनी १९९९ मध्ये दाहग्रस्त प्रोस्टेटमधील अशा आक्रसलेल्या, तरीही वेगाने विभागणाऱ्या भागांचे वर्णन केले आणि कर्करोगाची सुरुवात तेथे होत असावी, असा विचार मांडला. मुरुमांशी संबंधित क्युटिबॅक्टेरियम ॲक्नेस हा जंतूही प्रोस्टेटच्या ऊतींत आढळला आहे. परंतु तो मुळात आपल्या त्वचेवरच राहणारा असल्याने, तो ग्रंथीत होता की नमुना घेताना बाहेरून आला, हा प्रश्न उरतोच. शिवाय प्रोस्टेटचा दाह प्रत्येक वेळी जंतूंमुळेच होतो असे नाही: ग्रंथीत उलट शिरणारी लघवी, संप्रेरकांतील बदल, जुनी इजा, अशी इतर कारणेही मानली जातात.

माणसांवरील अभ्यासांचे निष्कर्ष तर परस्परविरोधी आहेत. अमेरिकेतील एका मोठ्या चाचणीत, पीएसए कितीही असला तरी शेवटी बायोप्सी करण्यात आली होती. तेथे कर्करोग असलेल्यांपैकी सुमारे ८६ टक्के पुरुषांच्या निरोगी ऊतींत दाह दिसला. कर्करोग नसलेल्यांतही हे प्रमाण सुमारे ७८ टक्के होते, आणि माझ्या मते आपण लक्षात ठेवण्याजोगा आकडा हाच आहे. उलट दुसऱ्या एका चाचणीत, पहिल्या बायोप्सीत कर्करोग न सापडलेल्या, म्हणजे आपल्यासारख्याच, पुरुषांपैकी ज्यांना दाह होता त्यांच्यात पुढील चार वर्षांत कर्करोग कमी आढळला. दाहामुळेही पीएसए वाढतो आणि त्यापायी कर्करोग नसलेल्यांचीही बायोप्सी होते, हे त्यामागील एक संभाव्य कारण आहे. म्हणून अहवालातील त्या शब्दांना कर्करोगाची पहिली पायरी समजू नका.

अँटिबायोटिक, लघवीच्या तपासणीत जंतुसंसर्ग सिद्ध झाल्याशिवाय किंवा डॉक्टरांना तशी स्पष्ट लक्षणे आढळल्याशिवाय, कृपया घेऊ नका. त्याने कर्करोग टळतो असे कोणत्याही चाचणीत दिसलेले नाही, आणि जंतू औषधांना दाद देईनासे झाले तर खरा संसर्ग होईल तेव्हा औषध उरत नाही. गोळ्या घेतल्यावर पीएसए उतरला म्हणजे कर्करोग नाही, असाही अर्थ होत नाही. तो पुष्कळदा आपोआपही उतरतो.

मला अधिक महत्त्वाची वाटते ती आपल्या भावाची हकिगत, जिचा आपण ओझरता उल्लेख केला आहे. सख्ख्या भावाला हा कर्करोग झालेला असल्यास धोका साधारण दुपटीने वाढतो. ही गोष्ट मूत्रविकारतज्ज्ञांना आवर्जून सांगा, भावाचे निदान कोणत्या वयात झाले तेही सांगा आणि पीएसए पुन्हा केव्हा तपासायचा, हे त्यांच्याकडून ठरवून घ्या. तो चढतच राहिला तर एमआरआय करून पुढील निर्णय घेता येतो. लघवीचा संसर्ग झाला असेल, तर तो बरा झाल्यावर सहा ते आठ आठवडे थांबूनच पीएसएची तपासणी करावी. मात्र थंडी वाजून ताप आला किंवा लघवी अडली, तर त्याच दिवशी रुग्णालय गाठा.