कॉलेज फुटबॉलचा स्टार एनएफएलमध्ये टिकेल का, हे ड्राफ्टआधी कसं ओळखायचं?

तुमचं म्हणणं थोडक्यात असं, की तीन-चार वर्षं नेमानं अमेरिकेतलं कॉलेज फुटबॉल बघताय, खेळाडूंचे यार्ड (चेंडू पुढे नेलेलं अंतर) आणि टचडाउन तोंडपाठ आहेत, तरी एप्रिलमध्ये ड्राफ्ट (एनएफएल या व्यावसायिक लीगचे संघ कॉलेजचे खेळाडू क्रमानं निवडतात तो) झाला की अंदाज सपशेल चुकतात. मग जाणकार नेमकं बघतात तरी काय?

निदान यार्ड आणि टचडाउनपासून ते सुरुवात करत नाहीत. कॉलेजात झालेल्या कामगिरीतला किती वाटा त्या पोराचा स्वतःचा, आणि किती त्याच्या संघाचा, प्रशिक्षकाच्या पद्धतीचा आणि कॉलेजच्या नियमांचा, ही वजाबाकी आधी करायची असते. उरेल तेवढंच त्याच्यासोबत एनएफएलमध्ये जातं.

नियमांचा भाग बरेच प्रेक्षक विसरतात. झेल वैध ठरायला कॉलेजात एक पाय मैदानात टेकला तरी चालतो, एनएफएलमध्ये दोन लागतात. म्हणून साइडलाइनवरचे सुंदर झेल परत लावून दुसरा पाय कुठे पडला ते बघा. एनएफएलमध्ये चेंडू ठेवलेल्या रेषेपासून पाच यार्डांच्या पुढे रिसीव्हरला (पास झेलणाऱ्याला) धरलं-ढकललं की दंड होतो. कॉलेजात हा पाच यार्डांचा नियम नाही, चेंडू हवेत जाईपर्यंत बरंच खपून जातं. सतत हात लावून खेळणारा कॉर्नर (रिसीव्हरला अडवणारा बचावपटू) तिथे अभेद्य वाटतो आणि इकडे आला की पिवळ्या झेंड्यांचा धनी होतो. तिसरा फरक रन-पास ऑप्शनचा, म्हणजे चेंडू घेऊन पळायचं की पास टाकायचा हे ऐन वेळी ठरवण्याचा. पास टाकला जात असताना कॉलेजात लाइनमन (पुढच्या रांगेतला, समोरच्यांना अडवणारा) तीन यार्ड पुढे गेलेला चालतो, एनएफएलमध्ये एकच. त्यामुळे लाइनबॅकरला (लाइनच्या मागे उभ्या बचावपटूला) फसवून मोकळ्या माणसाकडे चेंडू टाकण्याचा कॉलेजातला हुकमी डाव वर गेल्यावर तितका सोपा राहत नाही. क्वार्टरबॅकच्या (पास टाकणाऱ्याच्या) पूर्ण झालेल्या पासच्या टक्केवारीतून असे पास आणि स्क्रीन पास (मागेच दिलेले सोपे, छोटे पास) काढून टाका, मग उरलेला आकडा बघा. कधी कधी ७० टक्केवाला साठीच्या खाली येतो.

क्वार्टरबॅकवर जरा थांबतो, कारण सगळ्यात महाग चूक याच जागेवर होते.

एकच चेंडू जवळून बघू. थर्ड डाउन (तिसरा प्रयत्न), अजून आठ यार्ड मिळवायचे आहेत, चेंडू डाव्या हॅशवर (मैदानावर आखलेल्या खुणांच्या ओळीवर), आणि रिसीव्हर उजवीकडे पंधरा यार्ड जाऊन साइडलाइनकडे वळणार आहे. कॉलेजचे दोन हॅश एकमेकांपासून ४० फूट लांब असतात, एनएफएलचे साडेअठरा फूट. म्हणजे डाव्या हॅशवरून उजवी साइडलाइन कॉलेजात १०० फुटांवर, एनएफएलमध्ये जेमतेम ८९. क्वार्टरबॅक पाच-सहा यार्ड मागे उभा असतो हे धरलं, तर कागदावर १५ यार्डांच्या दिसणाऱ्या या पासला चेंडू हवेत ३५ यार्डांहून जास्त जातो. हा चेंडू ज्याचा सपाट आणि वेळेवर पोचतो त्याच्या हाताच्या ताकदीची चर्चा तिथेच संपवा. साठ यार्ड लांब उंच फेकणारे पुष्कळ असतात, त्याचं एवढं कौतुक नको.

आता हाच चेंडू परत लावा आणि फक्त क्वार्टरबॅकचे पाय बघा. स्नॅपआधी (चेंडू खेळात येण्याआधी) दोन सेफ्टी (सगळ्यात मागचे बचावपटू) मागे होते, स्नॅप झाल्यावर एक खाली उतरला. ते याला दिसलं का? मागचा पाय रोवला त्याच क्षणी चेंडू हातातून निघाला, की त्यानं आणखी एक छोटी उडी घेऊन रिसीव्हर वळल्याची खात्री करून घेतली? ती उडी म्हणजे अर्धा सेकंद. कॉलेजात तेवढ्यात काही बिघडत नाही, कारण समोरच्या कॉर्नरला पुढे नोकरी शोधायची असते. एनएफएलचा कॉर्नर तेवढ्या वेळात आडवा येऊन चेंडू घेऊन पळतो. मोबाइलवरचं स्टॉपवॉच लावून स्नॅप ते रिलीज मोजा. एनएफएलमध्ये सरासरी पावणेतीन सेकंदांच्या आसपास चेंडू सुटतो. पॉकेटमध्ये (लाइनमननी त्याच्याभोवती राखलेल्या जागेत) साडेतीन सेकंद निवांत उभं राहायला मिळणाऱ्या पोराबद्दल त्या टेपवरून (सामन्याच्या चित्रणावरून) फार काही कळत नाही, कळते ती त्याची लाइन.

दबावाखालचा खेळ वेगळा मोजा. दबाव आला त्या वेळांपैकी किती वेळा सॅक झाला (पास टाकण्याआधीच पाडला गेला), हे गुणोत्तर कॉलेजातून बरंचसं तसंच पुढे येतं. १५ टक्क्यांच्या खाली असेल तर छान, २० च्या वर गेलं की कपाळाला आठी पडावी. सॅकचं खापर आपण लाइनवर फोडतो, पण चेंडू धरून बसायची सवय क्वार्टरबॅकचीच असते. केलेब विल्यम्सबद्दल ही शंका आधीपासून होती. २०२४ च्या ड्राफ्टमध्ये तो पहिल्या क्रमांकावर गेला आणि पहिल्याच हंगामात ६८ सॅक खाल्ले. मात्र त्याच्याच मागोमाग दुसऱ्या क्रमांकावर गेलेल्या जेडन डॅनियल्सचंही हे गुणोत्तर वाईटच होतं, आणि त्या वर्षीचा सर्वोत्तम नवोदित आक्रमक खेळाडू तोच ठरला. एका आकड्यावर कुणाला फासावर चढवू नका.

सुरुवातीपासून खेळलेले सामने किती, हेही बघा. मिचेल ट्रुबिस्की १३ सामन्यांच्या जोरावर २०१७ ला दुसरा गेला, अँथनी रिचर्डसन तेवढ्याच सामन्यांवर २०२३ ला चौथा. तेरा सामन्यांत बचावपटू त्याचा अभ्यास करून आलेत आणि त्यानं त्यावर उत्तर शोधलंय, असं बघायलाच मिळत नाही. याच्या उलट टोकाला जॉश ॲलन. वायोमिंगमध्ये अचूकता ५६ टक्के, म्हणजे नियमाप्रमाणे बादच. २०२० मध्ये त्यानं एनएफएलमध्ये ६९ टक्के गाठले. अशी सुधारणा क्वचित होते. दर एप्रिलला कुठल्या तरी अचूकता नसलेल्या उंचपुऱ्या पोराला टीव्हीवर 'पुढचा जॉश ॲलन' म्हणतात, तेव्हा आवाज बंद करावा.

आता कंबाइन, म्हणजे ड्राफ्टआधीच्या चाचण्या. फेब्रुवारीअखेर इंडियानापोलिसला तीनशेच्या वर पोरं बोलावतात. मोजमाप, उड्या, धावा, मुलाखती. टीव्हीवर फोर्टी गाजते, म्हणजे ४० यार्डांची धाव. झेवियर वर्दीनं २०२४ ला ४.२१ सेकंदांचा विक्रम केला. त्याआधीचा ४.२२ चा विक्रम जॉन रॉसचा. त्याला २०१७ मध्ये नववा घेतलं आणि कारकीर्द काही उभी राहिली नाही. पुका नाकुआ वेगवान गणला जात नव्हता, २०२३ मध्ये पाचव्या फेरीत १७७ वा गेला आणि पहिल्याच हंगामात १०५ झेल, १,४८६ यार्ड. वेग कुचकामी आहे असा याचा अर्थ काढू नका. चाचणीकडे चाळणी म्हणून बघा, निकाल म्हणून नाही. टेपवर हळू वाटला आणि चाचणीतही हळू निघाला तर शंका पक्की. टेपवर कुणी मागून गाठत नाही आणि चाचणीत मात्र हळू, तर टेप परत बघा.

वेळ नेहमी वजनासोबत वाचा. १८० पौंडांच्या माणसाचे ४.४ सेकंद आणि २२५ पौंडांच्या माणसाचे ४.४ सेकंद ही एक गोष्ट नाही. लाइनमनसाठी पूर्ण फोर्टी जवळजवळ निरर्थक, त्याचे पहिले दहा यार्ड बघा, कारण सामन्यात तो तेवढाच धावतो. कॉलेजच्या प्रो डेला (कॉलेजनं आपल्याकडे ठेवलेल्या चाचणीच्या दिवशी) हातातल्या घड्याळानं वेळ घेतात, ती थोडी कमीच भरते. कंबाइनच्या वेळेशी सरळ तुलना करू नका. थ्री-कोन म्हणजे तीन शंकूंभोवती वळण्याची चाचणी. २०१९ ला रिसीव्हर डीके मेटकाफनं त्यात ७.३८ सेकंद घेतले. क्वार्टरबॅक टॉम ब्रेडीला २००० मध्ये ७.२० लागले होते! लोक हसले, मेटकाफ ६४ व्या क्रमांकापर्यंत घसरला, आणि पुढे सिॲटलकडून दणकून खेळला. सरळ पळणाऱ्या आडदांड माणसाला सरळ पळवलं की थ्री-कोनची गरज पडत नाही. चाचणीतला कमकुवतपणा पुष्कळदा एवढंच सांगतो, की याच्याकडून कोणतं काम करून घेऊ नये.

एज रशरच्या (कडेनं क्वार्टरबॅकवर धावून जाणाऱ्या बचावपटूच्या) बाबतीत सगळ्यात जास्त फसवणूक सॅकच्या आकड्यानं होते. बारा सॅक असतील तर बाराही उघडून बघा. दोनदा समोर कुणी नव्हतंच, तीनदा टाइट एंड (लाइनच्या कडेला उभा राहणारा झेलकरी) उभा होता, दोनदा क्वार्टरबॅक चार सेकंद चेंडू धरून आपणहून याच्या अंगावर आला. हे सगळे वगळा. खऱ्याखुऱ्या टॅकलला (लाइनच्या टोकाच्या लाइनमनला) एकट्यानं हरवून तीन सेकंदांच्या आत पोचला, असे किती उरले? चार-पाच उरले तरी ठीक. मग हरलेले स्नॅप बघा, ते जास्त बोलतात. बाहेरून वळसा घेताना तो क्वार्टरबॅकच्या मागे आठ-नऊ यार्डांवरून भरधाव निघून जातो का? तसं असेल तर घोटा आणि कंबर वाकत नाही, आणि एनएफएलचा टॅकल त्याला नुसता मागे वाट दाखवत राहील. चांगला रशर झाडाभोवती सायकल वळवल्यासारखा आतल्या बाजूला झुकून सहा यार्डांच्या आसपास वळतो. पहिला डाव अडला की हातांचा दुसरा डाव आहे का, तेही बघा. कॉलेजात नुसत्या ताकदीवर निभावून गेलेल्यांना दुसरा डाव कधी शिकावाच लागलेला नसतो.

ऑफेन्सिव्ह टॅकलचे हात ३३ इंच हवेत असा दंडक आहे. ज्याचा पंजा आधी छातीवर पोचतो तो झुंज चालवतो, म्हणून. पण राशॉन स्लेटर जेमतेम ३३ इंचांचा होता आणि डावा टॅकल म्हणून उत्तम खेळला. विल कॅम्पबेलचे हात कंबाइनमध्ये ३३ च्या आत भरले, तरी २०२५ ला तो चौथा गेला. आखूड हातांचा माणूस पावलांनी भरपाई करतो का, तेवढं बघायचं. ॲरन डोनाल्डही बचावाच्या मधल्या जागेसाठी बुटका आणि हलका समजला गेला, २०१४ ला तेरावा गेला, आणि तीनदा वर्षातला सर्वोत्तम बचावपटू झाला.

रिसीव्हरचं थोडक्यात. अंगाशी भिडलेल्या कॉर्नरसमोरून तो सुटतो कसा ते बघा, कारण कॉलेजात पुष्कळांना तसा कॉर्नर वर्षभरात मोजून चार-पाचदा भेटतो. संघाच्या एकूण पासिंग यार्डांत त्याचा वाटा किती, आणि हा वाटा त्याला कोणत्या वयात मिळू लागला, तेही काढा. रनिंग बॅक धावतो हे सगळ्यांना दिसतं. ब्लिट्झ (जादा बचावपटूंचा हल्ला) आल्यावर क्वार्टरबॅकसमोर उभा राहतो का, ते बघा. ते जमलं नाही तर थर्ड डाउनला तो बाकावरच बसणार.

वयाचा मुद्दा आता मोठा झालाय. कोव्हिडमुळे एक हंगाम वाढवून मिळाला, शिवाय ट्रान्सफर पोर्टल (कॉलेज बदलण्याची सोय) आहे आणि कॉलेजातच पैसाही मिळतो. चोविशीतले गडी एकोणिसाव्या वर्षाच्या पोरांना लोळवताना दिसतात. बो निक्स ६१ सामने खेळून २०२४ ला बारावा गेला आणि डेन्व्हरला चांगला लाभला, म्हणजे वय हा काही शाप नाही. पण शेवटच्या वर्षी अचानक चमकलेल्याचा विसाव्या वर्षीचा टेप जरूर काढा.

जे आपल्याला कधीच दिसत नाही ते म्हणजे वैद्यकीय अहवाल. कंबाइनचं मूळ प्रयोजनच ते होतं: सगळ्या संघांच्या डॉक्टरांनी एकाच ठिकाणी गुडघे-खांदे तपासायचे. सर्वांनी पहिल्या फेरीत धरलेला खेळाडू काही कारण न दिसता तिसरीत घसरला, तर ३२ संघांना एकदम वेड लागलं असं समजण्याआधी गुडघ्याचा विचार करा.

तुमचे अंदाज चुकतात यात आणखी एक गफलत असणार: 'चांगला आहे का' आणि 'या क्रमांकावर घ्यावा का' हे दोन प्रश्न एकच धरणं. इथे आयपीएलसारखी बोली लागत नाही, क्रमांक हीच किंमत. प्रशिक्षक जिमी जॉन्सनच्या काळात डॅलस संघानं केलेल्या, क्रमांकांच्या किमतीच्या प्रसिद्ध तक्त्यात पहिला क्रमांक ३,००० गुणांचा, दहावा १,३०० चा, बत्तिसावा ५९० चा. क्वार्टरबॅक, टॅकल, एज, कॉर्नर, रिसीव्हर या जागा बाजारात महाग, म्हणून त्या वर लागतात. तितकाच गुणी गार्ड किंवा सेफ्टी मागे राहतो. आणि अर्थशास्त्रज्ञ केड मॅसी आणि रिचर्ड थेलर यांनी जुने ड्राफ्ट तपासले तेव्हा एकाच जागेच्या लागोपाठ निवडलेल्या दोघांपैकी आधी घेतलेला सरस ठरण्याची शक्यता ५२ टक्क्यांच्या आसपास निघाली. म्हणजे नाणेफेकच. २०१८ चे पाच क्वार्टरबॅक आठवा: मेफिल्ड पहिला, डार्नोल्ड तिसरा, ॲलन सातवा, रोझन दहावा, लमार जॅक्सन बत्तिसावा. एमव्हीपी (हंगामातला सर्वोत्तम खेळाडू) झाले ते सातवा आणि बत्तिसावा. डार्नोल्ड संघ बदलत राहिला आणि २०२४ ला मिनेसोटात १४ सामने जिंकून बसला. पोरगा तोच, भोवतालची माणसं वेगळी.

करायचं कसं, तर प्रत्येक खेळाडूचे चार सामने निवडा. एक त्याच्या समोर सगळ्यात तगडा माणूस होता तो, एक त्याचा सर्वांत वाईट, एक साधा, एक हंगामाच्या शेवटचा. हायलाइट्सना हात लावू नका, त्यात कुणीच हरत नाही. क्वार्टरबॅकचे निदान दीडशे पास, रशरचे पन्नास स्नॅप. टीव्हीच्या कॅमेऱ्यात सेफ्टी दिसत नाहीत, म्हणून एंड झोनमागून (मैदानाच्या टोकामागून) दाखवलेले रीप्ले थांबवून बघा. मॉक ड्राफ्ट (इतरांनी छापलेले ड्राफ्टचे अंदाज) वाचण्याआधी त्याची फेरी कागदावर लिहून ठेवा, नाहीतर नकळत दुसऱ्याचं मत आपलं वाटू लागतं.

आणि जानेवारीअखेर अलाबामातल्या मोबीलला सीनियर बोल (कॉलेजच्या शेवटच्या वर्षातल्या निवडक खेळाडूंचा सामना) होतो, त्याचा सामना सोडा, आठवड्याचा सराव बघा. तिथे रशर आणि लाइनमन यांना एकास एक भिडवतात. त्या खेळात शेजारच्या गार्डची मदत नसते, मोकळं रान असतं, त्यामुळे पारडं रशरकडे झुकलेलं असतं. तिथे जिंकलेल्या लाइनमनला एक खूण जास्त द्या, हरलेल्याची मात्र काढून घेऊ नका.