खाजगीतले बोलणे आणि जाहीर शिक्षा

प्रश्न : अमेरिकेत अभिव्यक्तिस्वातंत्र्याला राज्यघटनेचे भक्कम संरक्षण आहे, असे आपण नेहमी वाचतो. मग बास्केटबॉल संघाचे मालक डोनाल्ड स्टर्लिंग यांना खाजगीत, स्वतःच्या मैत्रिणीशी बोललेल्या वाक्यांसाठी आजन्म बंदी आणि जबर दंड कसा होऊ शकला? त्यांचा संघही काढून घेतला गेला. बोलणे कितीही वाईट असले तरी ते चार भिंतींआडचे होते. (एक वाचक, कोल्हापूर)

उत्तर : २५ एप्रिल २०१४ रोजी टीएमझी या संकेतस्थळाने लॉस एंजेलिस क्लिपर्स संघाचे मालक स्टर्लिंग यांच्या संभाषणाची ध्वनिफीत प्रसिद्ध केली. मैत्रिणीने ख्यातनाम कृष्णवर्णीय बास्केटबॉलपटू मॅजिक जॉन्सन यांच्यासोबतचे छायाचित्र इन्स्टाग्रामवर टाकले होते, आणि त्यावरून स्टर्लिंग तिला कृष्णवर्णीयांसोबत जाहीरपणे दिसू नकोस, त्यांना माझ्या संघाच्या सामन्यांना आणू नकोस, असे बजावत होते. चारच दिवसांनी एनबीए या व्यावसायिक लीगचे आयुक्त ॲडम सिल्व्हर यांनी त्यांच्यावर आजन्म बंदी घातली आणि २५ लाख डॉलरांचा दंड ठोठावला. लीगच्या नियमांनुसार त्याहून मोठा दंड करता येत नव्हता.

आपल्या प्रश्नाचा कायदेशीर भाग सोपा आहे. अभिव्यक्तिस्वातंत्र्याचे संरक्षण करणारी, १७९१ साली मंजूर झालेली पहिली घटनादुरुस्ती अमेरिकेतल्या सरकारचे हात बांधते. एखाद्या खाजगी संस्थेने आपल्या सभासदाशी कसे वागावे, हे ती सांगत नाही. स्टर्लिंग यांच्या वाक्यांसाठी त्यांच्यावर कोणत्याही सरकारी वकिलाने खटला भरला नाही, आणि अमेरिकेत तसा खटला उभाही राहिला नसता. एनबीए ही संघमालकांची संघटना आहे. १९८१ साली संघ विकत घेऊन स्टर्लिंग तिचे सभासद झाले, आणि त्या संघटनेच्या घटनेत तीन चतुर्थांश मालकांच्या मताने एखाद्या मालकाला दूर करण्याची तरतूद आहे. प्रत्यक्षात मतदानाची वेळच आली नाही. कौटुंबिक विश्वस्तनिधीच्या वतीने त्यांच्या पत्नीने संघ मायक्रोसॉफ्टचे माजी प्रमुख स्टीव्ह बाल्मर यांना २०० कोटी डॉलरांना विकला. स्टर्लिंग यांनी या विक्रीला न्यायालयात हरकत घेतली, ती फेटाळली गेली. सुमारे सव्वा कोटी डॉलरांना घेतलेल्या संघाचे २०० कोटी मिळाले असताना ‘काढून घेतला’ हा शब्द मला नेमका वाटत नाही.

तरीही कायद्याचे एवढे उत्तर देऊन मी थांबणार नाही, कारण आपली काळजी खरी आहे. सरकार गप्प बसले, पण प्रत्येक नोकरी देणारा, प्रत्येक संघटना आणि प्रत्येक सोसायटी माणसाच्या खाजगी बोलण्याचा हिशेब मागू लागली, तर त्या समाजात मोकळेपणाने बोलणे कठीण होईल. डॅलस संघाचे तेव्हाचे मालक मार्क क्यूबन यांनी स्टर्लिंग यांचे बोलणे घृणास्पद ठरवूनही, खाजगी बोलण्यावरून मालकी काढण्याची वाट निसरडी आहे, असा इशारा सुरुवातीला दिला होता, आणि तो इशारा मला दखल घेण्याजोगा वाटतो. म्हणून अशा प्रत्येक प्रकरणात मी एक गोष्ट आधी पाहतो : बोलणाऱ्याची ज्यांच्याविषयी तो बोलला त्यांच्यावर किती सत्ता आहे? स्टर्लिंग यांच्या संघातले आणि साऱ्या लीगमधले बहुसंख्य खेळाडू कृष्णवर्णीय होते; क्लिपर्सचे प्रशिक्षक डॉक रिव्हर्स कृष्णवर्णीय होते. २७ एप्रिलला ओकलंडमधल्या सामन्याआधी क्लिपर्सच्या खेळाडूंनी संघाचे नाव असलेले सरावाचे सदरे मैदानाच्या मध्यभागी टाकून दिले आणि आतले लाल सदरे उलटे घालून सराव केला, म्हणजे संघाचे नाव छातीवर दिसू नये. ज्यांच्या खेळावर आपले उत्पन्न उभे आहे, त्यांच्या जातभाईंना प्रेक्षागृहात आणू नको म्हणणाऱ्या माणसाची मालकी त्यांनी मुकाट्याने सोसावी, असे त्यांना सांगण्याचा अधिकार कोणाला होता? म्हणून लीगचा निर्णय मला योग्य वाटतो.

मात्र या प्रकरणातली जी बाजू मला सर्वांत अधिक अस्वस्थ करते, तिचा उल्लेख आपल्या पत्रात नाही. स्टर्लिंग यांची खरी मिळकत भाड्याच्या घरांची होती. लॉस एंजेलिस परिसरात त्यांच्या मालकीच्या इमारतींची संख्या शंभराहून अधिक होती. कृष्णवर्णीय, हिस्पॅनिक आणि लेकुरवाळ्या कुटुंबांना घरे नाकारल्याच्या आरोपावरून अमेरिकेच्या न्याय विभागाने २००६ साली त्यांच्यावर दावा लावला. २००९ मध्ये आरोप अमान्य करीत त्यांनी २७ लाख २५ हजार डॉलर देऊन तडजोड केली, आणि भाड्याच्या घरांतील भेदभावाच्या दाव्यात न्याय विभागाने तोवर मिळवलेली ती सर्वांत मोठी रक्कम होती. हे सारे वर्तमानपत्रांत छापून आले होते. लीगने तेव्हा त्यांना दंड केला नाही, निलंबितही केले नाही. उलट कृष्णवर्णीयांच्या हक्कांसाठी लढणाऱ्या एनएएसीपी या जुन्या संस्थेच्या लॉस एंजेलिस शाखेने त्याच वर्षी त्यांचा गौरव केला, आणि २०१४च्या मे महिन्यात ती शाखा त्यांना जीवनगौरव पुरस्कार देणार होती. ध्वनिफीत बाहेर आली नसती तर तो सोहळा ठरल्याप्रमाणे झाला असता. घर नाकारले गेल्याने ज्या आईला मुलांना घेऊन दुसरीकडे वणवण करावी लागली, तिचे नुकसान एका हलकट संभाषणाहून कितीतरी मोठे आहे. पण तिच्या तक्रारीला आवाज नव्हता, कोणी ती पुन्हापुन्हा ऐकवू शकत नव्हते. माझी तक्रार लीगने शिक्षा केली याबद्दल नाही. ती पाच वर्षे उशिरा झाली, आणि कृतीसाठी व्हायला हवी होती ती बोलण्यासाठी झाली, याबद्दल आहे.

प्रश्न : मी कॅलिफोर्नियात नोकरी करते. जेवणाच्या सुट्टीत एक सहकारी भारतीयांविषयी आणि कृष्णवर्णीयांविषयी अत्यंत अपमानकारक बोलतो. त्याचे बोलणे भ्रमणध्वनीवर मुद्रित करून वरिष्ठांना पाठवावे, असे मैत्रिणी सुचवतात. मला आणखी एक गोष्ट बोचते : आमच्या मराठी मंडळींच्या गणपतीच्या जेवणातही कृष्णवर्णीय शेजाऱ्यांविषयी असेच बोलले जाते. त्याचे काय करावे? (एक वाचक, सॅन होजे परिसर)

उत्तर : मुद्रण करू नका. कॅलिफोर्नियात गोपनीय संभाषण सर्व बोलणाऱ्यांच्या संमतीशिवाय मुद्रित करणे हा गुन्हा आहे. स्टर्लिंग प्रकरणातही ध्वनिफीत त्यांच्या संमतीने झाली की चोरून, हा वाद झालाच. मुद्रण त्यांना ठाऊक होते, असे मैत्रिणीच्या बाजूने सांगण्यात आले. ख्यातनाम बास्केटबॉलपटू करीम अब्दुल-जब्बार यांनी त्याच आठवड्यात लिहिलेल्या लेखात स्टर्लिंग यांच्याबरोबरच या मुद्रणाच्या प्रकारालाही दोष दिला होता आणि घरांच्या प्रकरणाच्या वेळी हा संताप कोठे होता, असेही विचारले होते.

मुद्रण करणारा आणि ते प्रसिद्ध करणारा यांत अमेरिकेचा कायदा फरक करतो. पेनसिल्व्हेनियातील शिक्षक संघटनेच्या वाटाघाटींविषयीचे दूरध्वनी संभाषण कोणा अज्ञाताने चोरून मुद्रित केले आणि ते नभोवाणीवर ऐकवले गेले. त्यावरील बार्टनिकी विरुद्ध व्हॉपर या खटल्यात २००१ साली सर्वोच्च न्यायालयाने ठरवले, की चोरीत ज्याचा हात नाही आणि ज्याने सार्वजनिक महत्त्वाचा मजकूर प्रसिद्ध केला, त्याला शिक्षा करता येणार नाही. हा फरक मला पटतो. पण त्यामुळे चोरून मुद्रण करणाऱ्याची कृती शुद्ध होत नाही, आतला मजकूर कितीही ओंगळ असला तरी नाही.

आपल्या सहकाऱ्याचे बोलणे कोणत्या दिवशी, कोणासमोर, कोणत्या शब्दांत झाले, याची नोंद ठेवा आणि मनुष्यबळ विभागाकडे स्वतःच्या नावाने लेखी तक्रार करा. नेमणुका आणि बढत्या त्याच्या हाती असतील, तर तेही तक्रारीत स्पष्ट लिहा, कारण मग तो केवळ वाईट बोलणारा माणूस राहत नाही.

गणपतीच्या पंगतीचे उत्तर वेगळे आहे. तेथे कोणाच्या कंपनीला कळवू नका. त्याच पंगतीत, सर्वांसमोर, हे बोलणे मला मान्य नाही असे सांगा. यजमान नाराज होतील, पुढच्या वर्षीचे बोलावणे कदाचित येणार नाही, तरी सांगा. आज अमेरिकेत स्थायिक झालेली बहुतेक मराठी कुटुंबे आशियाई लोकांना अमेरिकेची दारे उघडणाऱ्या १९६५च्या स्थलांतर कायद्यानंतर तेथे गेली, आणि तो कायदा कृष्णवर्णीयांच्या नागरी हक्क चळवळीने बदललेल्या वातावरणात मंजूर झाला. ही जाण पंगतीतल्या मुलांना तरी त्यांच्या वडीलधाऱ्यांकडून मिळायला हवी.

प्रश्न : लोकप्रतिनिधींनी बंद खोलीत केलेले बोलणे खाजगी मानावे काय? (एक वाचक, नाशिक)

उत्तर : ते कशाविषयी बोलत होते, हे पाहावे लागेल. ऑक्टोबर २०२२ मध्ये लॉस एंजेलिस नगर परिषदेच्या तीन सदस्यांचे कामगार महासंघाच्या अध्यक्षांशी झालेले संभाषण बाहेर आले. एका सहकारी सदस्याच्या लहान कृष्णवर्णीय मुलाविषयी आणि मेक्सिकोतील वाहाका भागातून आलेल्या लोकांविषयी त्यात अपशब्द होते. पण ती बैठक प्रभागांच्या सीमा कशा आखाव्यात यासाठी होती. कोणत्या वस्तीचे मत कोणत्या प्रभागात जाईल, हे ठरवणे लोकांचेच काम आहे, आणि ते कार्यालयाचे दार लावून घेतल्याने कोणाची खाजगी बाब होत नाही. परिषदेच्या अध्यक्ष नुरी मार्टिनेझ आणि कामगार महासंघाचे अध्यक्ष रॉन हेरेरा यांनी राजीनामे दिले. सदस्य केविन दे लेओन यांनी नकार दिला आणि २०२४च्या निवडणुकीत ते पराभूत झाले. मतदारांनी दिलेली शिक्षा मला अशा प्रकरणांत सर्वांत उचित वाटते.

साध्या सरकारी कर्मचाऱ्याची गोष्ट मात्र निराळी. १९८१ साली अध्यक्ष रेगन यांच्यावर गोळीबार झाल्याची बातमी ऐकून टेक्सासमधील एका सरकारी कार्यालयातल्या तरुण लिपिक महिलेने सहकाऱ्याला म्हटले, की पुन्हा कोणी प्रयत्न केला तर तो यशस्वी व्हावा. तिला कामावरून काढले गेले. १९८७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पाच विरुद्ध चार मतांनी तिच्या बाजूने निकाल दिला. तिच्याकडे कोणतेही अधिकारपद नव्हते आणि कामावर परिणाम झाल्याचा पुरावा नव्हता, हे त्यात महत्त्वाचे ठरले.

प्रश्न : आपल्याकडे जातीवरून खाजगीत केलेला अपमान ॲट्रॉसिटी कायद्याखाली येतो काय? (एक वाचक, लातूर)

उत्तर : १९८९च्या कायद्यातील अपमानाविषयीच्या कलमात ‘लोकांच्या दृष्टीस पडेल अशा ठिकाणी’ ही अट आहे. इमारतीच्या चार भिंतींच्या आत, बाहेरचे कोणी हजर नसताना उच्चारलेले शब्द त्या कलमात बसत नाहीत, असे सर्वोच्च न्यायालयाने २०२०च्या हितेश वर्मा खटल्यात म्हटले आहे. घर, पाणी वा काम नाकारणे ही कृती आहे. तिच्यासाठी कायद्याच्या वेगळ्या तरतुदी आहेत, आणि तक्रार करणाऱ्यांनी त्यांकडे आधी वळावे, असे मला वाटते.

प्रश्न : अध्यक्ष निक्सन यांच्या खाजगी संभाषणांच्या फिती त्यांच्या मृत्यूनंतर ऐकवणे अन्यायाचे नाही काय? मृत माणूस खुलासा करू शकत नाही. (एक वाचक, पुणे)

उत्तर : या फितींसाठी कोणी चोरी केली नव्हती. व्हाइट हाउसमधील मुद्रणयंत्रणा निक्सन यांनीच १९७१ मध्ये बसवून घेतली होती. समोरच्या व्यक्तीला बहुतेक वेळा त्याची कल्पना नसे, आणि अन्याय झाला असेल तर तो त्या व्यक्तीवर. उदाहरणार्थ, ऑक्टोबर १९७१ मध्ये कॅलिफोर्नियाचे तेव्हाचे गव्हर्नर रेगन यांनी दूरध्वनीवर संयुक्त राष्ट्रांतील आफ्रिकी प्रतिनिधींना माकडे म्हटले आणि निक्सन हसले. ते संभाषण पूर्ण स्वरूपात २०१९ मध्ये प्रसिद्ध झाले.

आपल्याशी थेट संबंध असलेला भाग २०२० मध्ये इतिहासकार गॅरी बास यांनी समोर आणला. भारतीय स्त्रियांविषयी आणि एकूणच भारतीयांविषयी निक्सन यांनी काढलेले किळसवाणे उद्गार त्यात आहेत. ते १९७१ सालचे आहेत. त्याच वर्षी पूर्व पाकिस्तानातून सुमारे एक कोटी निर्वासित भारतात आले, ढाक्यातील अमेरिकी वकिलातीने कत्तलीचे अहवाल वॉशिंग्टनला पाठवले, तरी निक्सन आणि त्यांचे राष्ट्रीय सुरक्षा सल्लागार हेन्री किसिंजर पाकिस्तानच्या लष्करी राजवटीच्या पाठीशी राहिले, आणि डिसेंबरात एंटरप्राइज ही विमानवाहू नौका बंगालच्या उपसागराकडे धाडली गेली. हे धोरण केवळ वंशद्वेषातून आले, असे म्हणता येणार नाही; चीनशी गुप्तपणे सुरू झालेला संवाद पाकिस्तानमार्फत चालला होता, हे मोठे कारण होते. परंतु एक कोटी माणसांच्या हालांकडे ज्यांनी पाठ फिरवली, त्यांच्या मनात त्या माणसांविषयी काय होते, हे जाणण्याचा हक्क त्या निर्वासितांच्या मुलाबाळांना आहे. खुलाशाविषयी सांगायचे तर किसिंजर हयात होते. भारतीयांविषयीचे त्यांचे अपशब्द २००५ मध्ये प्रसिद्ध झाले तेव्हा त्यांनी त्या शब्दांबद्दल खेद व्यक्त केला. धोरणाचे मात्र ते समर्थनच करीत राहिले.