केमोच्या वॉर्डातलं पाणी : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : बहिणीच्या रक्तात स्टेनोट्रोफोमोनास निघाला. हा पाण्यातला जंतू म्हणे. पाणी तर सगळेच पितात, मग तिलाच का?

पिण्यामुळेच झालं असं समजू नका. या जंतूंची नेहमीची वाट म्हणजे सेंट्रल लाइन, म्हणजे औषधं देण्यासाठी मोठ्या शिरेत ठेवलेली नळी. ओल्या हाताने हाताळलेलं टोक, शिंतोडे उडालेली सिरिंज, एवढं पुरतं. त्यात केमोमुळे न्यूट्रोफिल्स (जंतूंशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी) दर मायक्रोलिटर रक्तात ५००च्या खाली गेले असतील, तर अडवायला कुणी नसतं.

प्रश्न : आमच्या वॉर्डात बेसिन रोज घासतात. तरीही धोका?

हो. घासणी भांड्यापुरती पोचते. जंतू नळाच्या जाळीत आणि खालच्या वाकड्या पाइपात बुळबुळीत थर धरून बसतात; क्लोरिन त्या थराच्या आत फारसं शिरत नाही. टोरंटो जनरल हॉस्पिटलमध्ये २००४ ते २००६ दरम्यान ३६ रुग्णांना स्यूडोमोनास या असल्याच पाण्यातल्या जंतूची लागण झाली. तपासणाऱ्यांनी बेसिनच्या मोरीत चमकणारा रंग ओतून नळ सोडला, तर थेंब किमान एक मीटर लांब उडालेले दिसले. इंजेक्शनं शेजारच्याच ओट्यावर भरली जात होती! म्हणून माझा आग्रह आहे : बेसिनजवळ औषध भरायचं नाही, आणि रुग्णाचं उरलेलं पाणी, सलाइन त्यात ओतायचं नाही.

प्रश्न : मुलाला पिक लाइन (दंडातून घातलेली सेंट्रल लाइन) आहे. अंघोळीचं काय?

ड्रेसिंग आणि टोपणं कोरडी राहतील असं झाकून घाला. पोहणं बंद. ड्रेसिंग भिजलं तर त्याच दिवशी बदलून घ्या. लाइन फ्लश केल्यावर, म्हणजे सलाइन सोडून धुतल्यावर, तासाभरात हुडहुडी भरली किंवा ताप ३८ अंश सेल्सिअसला पोचला, तर पॅरासिटामॉल देऊन वाट बघत बसू नका. थेट हॉस्पिटल गाठा. तिथे लाइनमधून आणि हातातून, दोन्हीकडून ब्लड कल्चर (रक्तात जंतू वाढतात का ती तपासणी) घ्यायला सांगा. लाइनचं कल्चर हातातल्या कल्चरपेक्षा दोन तास किंवा त्याहून जास्त आधी पॉझिटिव्ह आलं, तर संशय लाइनवर जातो. अशा वेळी ती अनेकदा काढावीच लागते. मन घट्ट करा.

प्रश्न : मी नर्स आहे. महिन्यात दोघांना बर्कहोल्डेरिया निघाला. दोघांवरून साथ म्हणायची?

शोध सुरू करायला दोन पुरेत. हाही पाण्यातलाच जंतू; तो सलाइनमध्ये, काही अँटिसेप्टिकमध्येसुद्धा तगतो. त्यामुळे नळाबरोबर फ्लशच्या सिरिंजांचे बॅच नंबर आजच लिहून ठेवा आणि लॅबला दोन्ही जंतू जपून ठेवायला सांगा. जुळवून बघायला तेच लागतील. पाण्याचा एक नमुना स्वच्छ आला म्हणून नळाला सोडू नका.