डिस्क सतत कामात का गुंतलेली असते?

प्रश्न : माझ्या विंडोज १० च्या जुन्या लॅपटॉपमध्ये ४ जीबी रॅम आणि साधी हार्ड डिस्क आहे. तो सुरू केल्यावर अर्धा तास टास्क मॅनेजरमध्ये डिस्क १०० टक्के दिसते. पण प्रत्यक्ष वेग सेकंदाला १ एमबीसुद्धा नसतो. हे कसे, आणि कारण कसे शोधावे?
— एक वाचक, सांगली

उत्तर : १०० टक्के हा आकडा किती माहिती वाचली-लिहिली याचा नसून डिस्क किती वेळ कामात होती याचा असतो, त्यामुळे आपल्याला दिसलेल्या दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या असू शकतात. मिनिटाला ५४०० फेरे घेणाऱ्या डिस्कला एका फेऱ्यासाठी सुमारे ११ मिलिसेकंद लागतात, शिवाय हेड, म्हणजे माहिती वाचणारा भाग, योग्य जागी न्यावे लागते ते वेगळेच. म्हणून ४ केबीचे विखुरलेले तुकडे वाचताना ती सेकंदाला शंभर तुकड्यांचा पल्लाही गाठत नाही, म्हणजे ४०० केबीच्या आतच तिची दमछाक होते.

टास्क मॅनेजर फक्त प्रोग्रॅमचे नाव सांगतो, आणि तिथे नुसते ‘सिस्टिम’ असे दिसले की शोध खुंटतो. त्यासाठी स्टार्ट मेनूतून रिसोर्स मॉनिटर उघडावा आणि त्याच्या डिस्क या टॅबमधील ‘डिस्क अ‍ॅक्टिव्हिटी’ हा भाग पाहावा, कारण तिथे कोणता प्रोग्रॅम नेमकी कोणती फाइल वाचतो आहे, हे मार्गासकट दिसते. पेजफाइल (रॅममध्ये न मावणारी माहिती ठेवण्याची डिस्कवरील फाइल) वारंवार वर येत असेल, तर रॅम अपुरी पडते आहे; आपल्या यंत्रात मला पहिला संशय तिचाच आहे. सर्च इंडेक्सर (शोधासाठी फायलींची सूची करणारा प्रोग्रॅम) किंवा डिफेंडर (विंडोजचा अँटिव्हायरस) दिसल्यास त्यांना एकदा काम पुरे करू द्यावे. सिसमेन ही नेहमीचे प्रोग्रॅम आधीच रॅममध्ये आणून ठेवणारी विंडोजची सेवा बंद करण्याचा सल्ला सर्रास दिला जातो, परंतु यादीत ती दिसत नसताना बंद करणे म्हणजे आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी.

त्याच यादीतील ‘रिस्पॉन्स टाइम’ हा रकानाही पाहावा. फारसे काम चालू नसतानाही तो वारंवार हजार मिलिसेकंदांच्या वर जात असेल आणि इव्हेंट व्ह्यूअर या विंडोजच्या नोंदवहीतील सिस्टिम नोंदींमध्ये खराब ब्लॉकची (डिस्कवरील बिघडलेल्या जागेची) तक्रार आढळली, तर दोष बहुधा प्रोग्रॅमचा नसून डिस्कचाच असतो. तेव्हा पुढचा शोध बाजूला ठेवून आधी फायलींची प्रत दुसरीकडे काढावी.