गाडी फोडली, चार्जर गेला. सोसायटी म्हणते आमचा संबंध नाही

आपल्या पत्रातील हकीकत थोडक्यात अशी आहे. पुण्यातील सोसायटीच्या स्टिल्ट पार्किंगमध्ये, म्हणजे इमारतीखालच्या खांबांमधल्या मोकळ्या जागेत, रात्री चार्जिंगला लावलेल्या आपल्या इलेक्ट्रिक मोटारीची मागची छोटी काच फोडून लॅपटॉपची बॅग नेण्यात आली, आणि गाडीत लॉक झालेली चार्जिंग गन, म्हणजे केबलचे गाडीत बसणारे टोक, तशीच ठेवून, केबल कापून, पोर्टेबल चार्जरही नेण्यात आला. पोलीस ठाण्यात आपल्या हाती ‘वस्तू गहाळ’ झाल्याचा दाखला पडला, चिटणिसांनी ‘वाहने स्वतःच्या जबाबदारीवर लावावीत’ या पाटीकडे बोट दाखवले, आणि आता आपण दाराच्या हँडलला विजेचा सौम्य झटका देणारी तार जोडण्याच्या विचारात आहात.

प्रथम त्या तारेविषयी, कारण बाकीचे नुकसान भरून निघेल, हे निघणार नाही. मालमत्तेच्या खासगी बचावाचा अधिकार कायद्याने दिला आहे. परंतु भारतीय न्याय संहितेच्या कलम ३७ प्रमाणे बचावासाठी आवश्यक असेल त्याहून अधिक इजा करण्याची मुभा त्यात नाही, आणि चोर कोण व चेंडू काढायला आलेले मूल कोण, हे तारेला कळत नाही. पावसाळ्यात ओल्या फरशीवर सौम्य झटकाही जीवघेणा ठरू शकतो. मृत्यू ओढवल्यास निष्काळजीपणासाठी कलम १०६ खाली ५ वर्षांपर्यंत कारावास होऊ शकतो. धोका ठाऊक असताना तार जोडल्याचे दिसले, तर आरोप सदोष मनुष्यवधापर्यंत जाऊ शकतो. आपण हा विचार पूर्णपणे सोडून द्यावा, अशी माझी कळकळीची विनंती आहे.

आता गहाळ दाखल्याकडे येऊ. गहाळ म्हणजे आपल्याच हातून हरवलेले. फुटलेली काच आणि कापलेली केबल ही सरळसरळ चोरी आहे, आणि अशा दाखल्यावर विमा कंपनी दावा नाकारण्याची शक्यता मोठी असते. म्हणून अज्ञात इसमाविरुद्ध कलम ३०३ (चोरी) आणि काचेच्या नुकसानीसाठी कलम ३२४ नमूद करून लेखी फिर्याद द्यावी, आणि तीत प्रत्येक वस्तूची किंमत बिलासह लिहावी. हा तपशील किरकोळ नाही: चोरीच्या मालाची किंमत ५,००० रुपयांपेक्षा कमी असल्यास गुन्हा अदखलपात्र ठरतो, म्हणजे न्यायदंडाधिकाऱ्यांच्या आदेशाशिवाय पोलिसांना तपास करता येत नाही, आणि अर्जात नुसते ‘चार्जर’ लिहिले तर तो मोबाईलचा समजला जाण्याची भीती असते. प्रथम माहिती अहवालाची (एफआयआरची) प्रत विनामूल्य मिळणे हा आपला हक्क आहे. नोंद नाकारल्यास भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३(४) प्रमाणे परिमंडळाच्या पोलीस उपायुक्तांकडे लेखी तक्रार टपालाने पाठवावी, आणि त्यानंतरही दखल घेतली गेली नाही तर न्यायदंडाधिकाऱ्यांकडे अर्ज करता येतो.

पंचनामा होईपर्यंत काच बदलू नये, आणि कापलेल्या केबलच्या तुकड्यासह ती गन जपून ठेवावी; ती पुरावा आहे. सोसायटीच्या डीव्हीआरमध्ये, म्हणजे कॅमेऱ्यांचे चित्रण साठवणाऱ्या यंत्रात, जुन्या चित्रणावर नवे चित्रण चढत जाते, म्हणून त्या रात्रीचे चित्रण जतन करण्याविषयीचे पत्र आजच चिटणिसांना देऊन पोच घ्यावी. भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ खालील, इलेक्ट्रॉनिक पुराव्यासाठीच्या प्रमाणपत्राशिवाय हे चित्रण न्यायालयात अडते, हेही त्यांच्या कानावर घालावे.

सोसायटीच्या जबाबदारीबाबत मला आपल्याला खोटी आशा दाखवायची नाही. अशा प्रकरणात मी पहिला प्रश्न विचारतो तो असा: किल्ली कोणाच्या हातात होती? २०१९ साली सर्वोच्च न्यायालयाने दिल्लीच्या ताज महाल हॉटेलच्या प्रकरणात ठरवले, की व्हॅलेने (गाडी लावून देणाऱ्या हॉटेलच्या कर्मचाऱ्याने) गाडी ताब्यात घेतल्यावर हॉटेलला ‘मालकाच्या जबाबदारीवर’ अशा मजकुराआड स्वतःचा निष्काळजीपणा लपवता येत नाही. आपल्या बाबतीत मात्र किल्ली आपल्याच खिशात होती आणि सोसायटी घेते ते जागेच्या वापराचे शुल्क, त्यामुळे निक्षेपाचा, म्हणजे वस्तू सांभाळायला सोपवल्याचा, संबंध निर्माण होत नाही. पहारेकरी गैरहजर होता किंवा कॅमेरे बंद असल्याची लेखी तक्रार आधीच होऊनही समिती स्वस्थ बसली, असे दाखवता आले, तरच निष्काळजीपणाचा दावा विचारात घ्यावा.

विम्याचा मार्ग अधिक सरळ आहे. सर्वसमावेशक पॉलिसीत घरफोडी व चोरीमुळे गाडीला झालेले नुकसान येते, त्यामुळे काचेचा दावा आजच कळवावा. विलंब झाला म्हणून घाबरू नये, कारण पोलिसांत तत्काळ फिर्याद दिलेली असल्यास केवळ कंपनीला उशिरा कळवले एवढ्यावरून चोरीचा खरा दावा फेटाळता येत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २०२० साली गुरशिंदर सिंग प्रकरणात म्हटले आहे. आपण गहाळ दाखला घेतलात त्याच दिवशीचा लेखी अर्ज आणि त्याची पोच हाती असेल, तर ती इथे फार मोलाची आहे. चार्जर पॉलिसीच्या तपशिलात किंवा ॲड-ऑनमध्ये (जादा हप्ता भरून घेतलेल्या पूरक संरक्षणात) नोंदलेला आहे का, ते पाहावे. लॅपटॉपची भरपाई सहसा वैयक्तिक सामानाच्या वेगळ्या ॲड-ऑनशिवाय मिळत नाही.

यापुढे सॉकेटला कुलूपबंद पेटी बसवावी. खांब ही सामाईक जागा असल्याने त्यावर कॅमेरा लावण्यापूर्वी समितीची लेखी परवानगी घ्यावी, आणि गाडीतला पार्किंग कॅमेरा १२ व्होल्टच्या छोट्या बॅटरीवर चालत असेल तर ती उतरू देऊ नये, कारण गाडीचे सेंट्रल लॉक आणि अलार्म तिच्यावरच चालतात.