पॅरासिटामॉलच्या नावातला ‘एन’

प्रश्न असा आहे: ‘पॅरासिटामॉलचं शास्त्रीय नाव एन-(४-हायड्रॉक्सिफिनाइल)इथेनामाइड असं वाचलं. हा सुरुवातीचा एन कसला? शेवटचं “ऑल” जाऊन “अमाइड” कुठून आलं? आणि इथेनअमाइड लिहायचं की इथेनामाइड?’

मधल्या प्रश्नापासून सुरुवात करतो, कारण ही नावं शेपटाकडून वाचली की लवकर उलगडतात. शेपूट म्हणजे आडनाव. एका रेणूत दोन-तीन गट असले तरी आडनाव एकाचंच लागतं आणि तो मान कुणाचा हे ठरलेलं आहे. अमाइड म्हणजे ऑक्सिजनशी दुहेरी बंधाने जोडलेला कार्बन आणि त्याला चिकटलेला नायट्रोजन. मानाच्या क्रमात हा गट ‘ऑल’वाल्या ओएच (ऑक्सिजन-हायड्रोजन) गटाच्या वर बसतो. म्हणून पद्धतशीर नावात ओएच बिचारा ‘हायड्रॉक्सी’ होऊन पुढे उपसर्गात जातो आणि आडनाव अमाइडचं लागतं. ‘पॅरासिटामॉल’ हे मात्र पॅरा-ॲसिटिलअमिनोफिनॉल या जुन्या लांबलचक नावाचे तुकडे जोडून केलेलं आहे, त्यामुळे तिथे फिनॉलचं ऑल टिकलं. अमेरिकेत त्याच नावाला दुसरीकडे कात्री लावली आणि ‘ॲसिटामिनोफेन’ झालं. गोळी तीच.

आता एन. याचा इथेनशी काही संबंध नाही, हा नायट्रोजनचा एन. रोमन लिपीत तो मोठ्या आणि तिरप्या अक्षरात छापतात, त्यामुळे वेगळा उठून दिसतो. आपल्याकडे मोठं अक्षरच नाही, म्हणून घोटाळा होतो. त्याचा अर्थ एवढाच की पुढच्या कंसातलं बिऱ्हाड कार्बनच्या साखळीवर नाही, नायट्रोजनवर राहतं. कंसातला ४ हा फिनाइलच्या, म्हणजे सहा कार्बनांच्या, कड्यातला पत्ता: नायट्रोजन जिथे जोडला आहे तो कार्बन १, त्याच्या बरोबर समोरचा ४. जुन्या नावातलं ‘पॅरा’ हेच सांगत होतं.

इथेनामाइड की इथेनअमाइड? मी इथेनामाइड लिहितो. इथेनॉइक ॲसिड, म्हणजे व्हिनेगरमधलं आम्ल, त्यातलं ‘ऑइक ॲसिड’ काढून ‘अमाइड’ लावायचं, की नाव तयार. देवालयासारखा संधी झाला म्हणा हवं तर. कट्टर वैयाकरण म्हणतील की इथेनमधला शेवटचा अ आपण उच्चारतच नाही, मग संधी कसला? त्यांचं बरोबर आहे, पण ‘इथेनमाइड’ लिहिलं तर अमाइड ओळखू येत नाही. शिवाय आयुपॅक या रसायनांच्या नावांचे नियम ठरवणाऱ्या आंतरराष्ट्रीय संस्थेच्या २०१३च्या शिफारशींत पसंतीचं नाव ‘ॲसिटामाइड’ हेच आहे. इथेनामाइडही चूक नाही.

‘अमाइड’ला मराठी शब्द शोधण्याच्या भानगडीत पडू नये असं माझं मत, पण त्याची पाळंमुळं आपल्या ओळखीच्या वस्तूत आहेत. अमाइडमधला ‘अम’ अमोनियाचा. अमोनियाचं नाव आलं ‘अमोनचं मीठ’ यावरून; अमोन हा इजिप्तचा देव. हे मीठ म्हणजे आपला नवसागर. तांब्या-पितळेच्या भांड्यांना कल्हई करताना कल्हईवाला तापलेल्या भांड्यात कथलाबरोबर नवसागराची पूड टाकून कापसाने घासायचा, तेव्हा भसकन पांढरा धूर उठून नाकाला झोंबायचा. फारसीतला नौशादर, हिंदीतला नौसादर आणि हा नवसागर एकाच कुळातले. त्यात सागर नाही आणि नऊही नाही.

नऊ आहे ते मिरचीत. ठेचा जिच्यामुळे जाळतो त्या कॅप्सेसिनचं नाव: एन-(४-हायड्रॉक्सी-३-मेथॉक्सिबेंझिल)-८-मेथिलनॉन-६-ईनामाइड. घाबरू नका, शेपटाकडून या. अमाइड, सहाव्या कार्बनपाशी दुहेरी बंध (ईन), नॉन म्हणजे नऊ कार्बनांची साखळी (नॉनव्हेजमधला नॉन नव्हे), आठव्यावर मेथिल, म्हणजे एका कार्बनाचा गट. मोजणी अमाइडच्या कार्बनपासून, तो नेहमी १. उरलेला कंस नायट्रोजनवर.

डास पळवणाऱ्या काही मलमांच्या ट्यूबवर बारीक अक्षरात ‘एन, एन-डायइथाइल बेंझामाइड’ असतं. तिथला दुसरा एन छपाईची चूक नाही. इथाइल दोन आहेत आणि दोन्ही एकाच नायट्रोजनवर, म्हणून पत्ता दोनदा.