मामंजींची कावीळ आणि गावाकडचं औषध

प्रश्न : डॉक्टर, आम्ही कोल्हापुरात गंगावेशीत राहतो. मामंजींचं वय ६२. दिवाळीत त्यांना शुगर निघाली, घरात आधी कुणालाच नाही. मग वजन आठ-नऊ किलो उतरलं, पण रोज रंकाळ्याला फिरतात म्हणून सगळे म्हणायचे बरंच झालं की, पोट गेलं. आता मनगटावरचं घड्याळ कोपरापर्यंत घसरतंय. दूधकट्ट्यावरचं दूध बंद, पांढरा रस्सा पण नको म्हणतात, जड पडतं म्हणे. चार दिवस झाले डोळे पिवळे आहेत, रात्रभर अंग खाजवतात. ताप नाही, दुखत काही नाही. आत्या म्हणतात गावाकडं नेऊन काविळीचं औषध देऊ, तीन रविवार घेतलं की उतरते. काय करू?
– एक सूनबाई

उत्तर : सूनबाई, रविवारपर्यंत थांबू नका, उद्याच न्या आणि दवाखान्यातच न्या. आत्यांवर रागवू नका, आपल्याकडं कावीळ म्हटलं की खराब पाण्याची, २०१२ ला इचलकरंजीत केवढी साथ आली होती, आणि ती बहुतेकांची पथ्यपाणी पाळलं की काही आठवड्यांत आपोआप उतरते, मग ज्यानं पाला दिला त्याचं नाव होतं. पण त्या काविळीत बहुतेक वेळा आधी ताप, मळमळ, उलट्या असतात. साठीतल्या माणसाला यातलं काहीच नाही, नुसते डोळे पिवळे आणि खाज, ही मला नळी तुंबल्याची कावीळ वाटते.

एक विचारा (तुम्हाला अवघड वाटत असेल तर मिस्टरांना विचारायला लावा) की संडासचा रंग कसा आहे. शाडूच्या मातीसारखी पांढरट, तेलकट, पाणी ओतलं तरी तरंगणारी, आणि लघवी कोऱ्या चहासारखी, असं असेल तर पित्त आतड्यात उतरतच नाहीये. लिव्हरकडून येणारी पित्ताची नळी खाली स्वादुपिंडाच्या, म्हणजे पॅन्क्रियासच्या डोक्यातून जाते. जठराच्या मागं आडवं पडलेलं १५ सेंटीमीटरचं अवयव ते, तिथं गाठ झाली तर वरून हाताला लागत नाही, पण नळी दाबली जाते आणि पित्त रक्तात चढतं. इन्सुलिन पण तिथंच बनतं. म्हणून पन्नाशीनंतर अचानक शुगर आणि वजन पण उतरतंय, ही जोडी दिसली की मी तरी नुसती गोळी लिहून सोडत नाही. अर्थात पित्ताचा खडा अडकून पण अशी कावीळ होते, फक्त खड्यात सहसा दुखतं.

आधी बिलीरुबिन (कावीळ किती ते सांगणारी रक्ताची टेस्ट) आणि सोनोग्राफी होईल. सोनोग्राफीत पुढच्या गॅसमुळं स्वादुपिंड कधी कधी नीट दिसतच नाही, त्यामुळं रिपोर्ट नॉर्मल आला म्हणून पेढे वाटू नका, कॉन्ट्रास्टचा, म्हणजे शिरेतून औषध देऊन काढतात तो सीटी स्कॅन लागेल का ते विचारा. कॅन्सरची गाठ निघालीच तर ऑपरेशन होण्यासारखं आहे का हे सीटीवरच ठरतं. गाठ काढायच्या या ऑपरेशनला व्हिपल म्हणतात, मोठं असतं. आजार कळतो तेव्हा पाचातल्या जेमतेम एकालाच ते करता येतं, बाकीच्यांना उशीर झालेला असतो. मनोहर पर्रीकर २०१९ ला याच कॅन्सरनं गेले, तेव्हा आपल्याकडं बऱ्याच जणांनी स्वादुपिंड हा शब्द पहिल्यांदा ऐकला असेल. तीन रविवार म्हणजे तीन आठवडे, ते मला घालवायचे नाहीत.

मामंजी तंबाखू किंवा बिडी घेत असतील तर तेही डॉक्टरांना सांगा, लपवू नका.

प्रश्न : सीए नाइन्टीन-नाइन ही स्वादुपिंडाच्या कॅन्सरसाठीची रक्ताची टेस्ट पॅकेजमध्ये आहे, दरवर्षी करू का? वय ४०, त्रास काही नाही.
– एक वाचक, राजारामपुरी

उत्तर : नको. ती खड्याच्या काविळीत पण वाढते आणि सुरुवातीच्या कॅन्सरमध्ये नॉर्मल पण येते, उगीच झोप जाईल. घरात दोघा-तिघा जवळच्यांना हा कॅन्सर झाला असेल तर गोष्ट वेगळी, मग टेस्ट नको, सरळ कॅन्सरच्या डॉक्टरांना भेटा.

आणि सूनबाई, जाताना शुगरच्या गोळीचं पाकीट सोबत घ्या, मेटफॉर्मिन चालू असेल तर सीटीच्या आधी सांगावं लागतं.